एसटीची पहिली गाडी पुण्याहून सुटली की नगरहून? आणि त्याच्या आधी गाड्या कोण चालवायचं?

कर्वेनगर_दुसरामजला

मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजूषा असते, यंदा ती माझ्या गळ्यात पडली. मी एक साधा प्रश्न टाकला की एसटीची पहिली गाडी कधी आणि कुठून कुठे धावली. उत्तर पुणे ते नगर, १ जून १९४८. मला वाटलं हा तर सगळ्यात सोपा प्रश्न. झालं, तिथूनच भांडण पेटलं. एक काका मूळचे नगरचे, ते म्हणे गाडी नगरहून सुटली, पुण्यात फक्त पोचली, तुम्ही पुणेकर सगळंच आपल्या नावावर करता. दुसरे एक आजोबा म्हणाले एसटीच्या आधी पुण्यात पीएमटी होती. तिसऱ्याने लगेच व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड काढून दाखवला की तेव्हा नगरचं तिकीट ९ पैसे होतं आणि आता बघा.

तर मला खरं काय ते सांगा. एसटी आकाशातून पडली नसणार, त्याच्या आधीही लोक पुण्याहून साताऱ्याला नगरला जातच होते की, मग त्या गाड्या कोणाच्या होत्या आणि त्यांचं पुढे काय झालं? आणि एक, विकिपीडियाची लिंक टाकून पळू नका, ती मी वाचलीये.

माळीवाडा_एक्स्प्रेस

तुमच्या नगरच्या काकांना माझा नमस्कार सांगा :) मी पण तिकडचाच, पुण्यात वाघोलीला राहतो म्हणजे अर्धा नगरलाच.

आमच्याकडे सगळे हेच सांगतात की गाडी माळीवाड्यातून सकाळी निघाली आणि सुपे, शिरूर, रांजणगाव करत पुण्यात पोचली, गावागावात लोक रस्त्यावर उभे होते. पुण्यात आणि सरकारी लिखाणात मात्र 'पुणे-अहमदनगर' असं लिहितात. प्रश्नमंजुषेत 'पुणे आणि नगर यांच्या दरम्यान' असं लिहून मोकळे व्हा, तारखेवर कोणाचा वाद नाही. सुरुवातीला बेडफर्डच्या ३० गाड्या होत्या, बॉडी लाकडी, सीट काथ्याच्या, रंग निळा आणि वर चंदेरी. लाल डबा नंतरचा.

आता ते ९ पैसे. हा फॉरवर्ड दर जून महिन्यात येतो आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. अहो १९४८ ला रुपये-आणे-पैचा हिशोब होता, शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला आला. तेव्हाचे चार पैसे म्हणजे एक आणा, म्हणजे ९ पैसे म्हणजे सव्वादोन आणे. सव्वादोन आण्यात जवळजवळ सव्वाशे किलोमीटर? आमच्या भागात तिकीट अडीच रुपये होतं असं सांगतात आणि पेपरातही तेच येतं, ते पटण्यासारखं आहे. अडीच रुपये तेव्हा काही चिल्लर नव्हती, त्यामुळे "तेव्हा सगळं फुकटात होतं" हे रडगाणं बंद करा म्हणावं.

जुनी_फाईल

पीएमटीवाल्या आजोबांचा मुद्दा आधी निकालात काढू. पीएमटी म्हणजे पुणे महानगरपालिकेची शहर बससेवा, ती १९५० ची. त्याच्या आधी शहरात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स नावाच्या खासगी कंपनीच्या बस होत्या, जुन्या पुणेकरांना हे नाव नक्की आठवेल. पिंपरी चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची आणि दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली २००७ ला. याचा एसटीशी कारभारापुरताही संबंध नाही, फक्त स्वारगेटला दोघांचे स्टँड शेजारीशेजारी असल्यामुळे लोकांची गल्लत होते.

आता मूळ प्रश्न. १९२० नंतर गावोगावी लोकांनी स्वतःच्या मोटारी रस्त्यावर आणल्या. एक गाडी, मालकच ड्रायव्हर, मेव्हणा क्लीनर. सर्व्हिस मोटार म्हणायचे. भाडं ठरलेलं नाही, वेळ ठरलेली नाही, गाडी भरली की सुटणार आणि एकाच रस्त्यावर चार जण असले की आधी भाडं पाडायचे, मग मारामाऱ्या. १९३९ ला मोटार व्हेईकल्स ॲक्ट आला आणि परमिट, ठरलेले मार्ग, ठरलेलं भाडं हा प्रकार सुरू झाला. त्यामुळे एकेका रस्त्यावरचे मालक एकत्र येऊन युनियन करायला लागले, म्हणजे वेळापत्रक आणि भाडं सगळ्यांचं सारखं. लोकांची थोडी सोय झाली, पण पैसे जिथे आहेत त्याच रस्त्यावर गाडी, आडगावाला कोण जातंय.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घ्यायचं ठरवलं. १९४८ ला जी सुरू झाली ती स्टेट ट्रान्सपोर्ट, नावातच आहे, सरकारची वाहतूक. पुढे १९५० चा रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन्स ॲक्ट आल्यावर तिला त्या कायद्याचा आधार मिळाला, बॉम्बे स्टेट रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन. एकेक मार्ग घेत गेले आणि त्या त्या मार्गावरच्या खासगी मालकांचं परमिट बंद. बरेच ड्रायव्हर एसटीत नोकरीला लागले, मालकांचं मात्र घरदार त्यावर होतं, ते काय गप्प बसणार.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये आणि ती मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. सरकारने एखाद्या धंद्यात घुसून बाकीच्यांना बाहेर काढायचं, हे घटनेत बसतं का? उत्तर प्रदेशात हाच प्रकार चालू होता, तिथले खासगी बसवाले कोर्टात गेले आणि १९५४ ला सुप्रीम कोर्टाने सगीर अहमद खटल्यात तिथल्या सरकारचा कायदा उडवला. मधल्या काळात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारी मक्तेदारीला वाट करून दिलेलीच होती. मग १९५६ ला मोटार व्हेईकल्स ॲक्टमध्ये आख्खं नवं प्रकरण घातलं, आधी योजना प्रसिद्ध करा, हरकती ऐका, मग मार्ग ताब्यात घ्या. देशभरातल्या सगळ्या एसट्या त्या प्रकरणावर उभ्या राहिल्या. नुसती बेडफर्डला हार घालून एसटी झाली नाही.

लातूरची_लेक

वर सगळं मुंबई प्रांताचंच चाललंय म्हणून लिहिते, कारण पुण्यात राहून मला याची सवय झालीये :)

आमचं लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तिकडे निजामाच्या रेल्वेने १९३२ लाच स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला होता, २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी, म्हणजे तुमच्या बेडफर्डच्या १६ वर्षं आधी. रेल्वेचाच विभाग असल्यामुळे रेल्वेला माणसं आणून द्यायची, रेल्वे जिथे नाही तिथे बस न्यायची असा हिशोब होता. आज तेलंगण आणि आंध्रच्या एसटीवाले आपला इतिहास तिथपासून मोजतात. मराठवाड्याचे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आले तेव्हा तिथली सरकारी बससेवा पण, स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा या नावाची, बॉम्बेच्या महामंडळात आली. विदर्भात अजून वेगळं, तिकडे नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस होती, ती पण त्याच वेळी यात आली. आणि उलट बेळगाव धारवाड विजापूरचा भाग तेव्हा म्हैसूर राज्यात गेला, तो तिकडच्या बससेवेत. १९६० ला गुजरातने स्वतःचं वेगळं काढलं. मग १९६१ ला उरलेल्याला महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ असं नाव पडलं.

म्हणजे आजची एसटी ही तीन घरच्या सामानाचा एक संसार आहे, तिन्हीकडे सरकार धंद्यात वेगवेगळ्या कारणाने उतरलं होतं. १९४८ हा एका घराचा वाढदिवस, तो सगळ्या महाराष्ट्राचा म्हणून साजरा होतो एवढंच. प्रश्नमंजुषेत हे टाका की, कोणालाच येणार नाही.

कर्वेनगर_दुसरामजला

बाप रे, हे निजामाचं तर मी पहिल्यांदाच ऐकतोय. ताई धन्यवाद. हे टाकलं तर मात्र मला सोसायटीतून काढतील.

जुनी_फाईल, तुम्ही वकील का हो?

जुनी_फाईल

वकिलाकडे कारकून होतो. कागद मीच शोधायचो त्यामुळे वकिलांपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

दापोडी_भोंगा

इतिहासात दापोडीचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणजे कमाल आहे. नावावरून कळलंच असेल, वडील दापोडीच्या वर्कशॉपला होते, आमचं सगळं घर भोंग्यावर चालायचं.

एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा, दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. कंपनीकडून फक्त चासी यायची, म्हणजे इंजिन, चाकं, सांगाडा आणि स्टेअरिंग, बाकी काही नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना आठवेल, ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून डोळ्यावर गॉगल लावून उघड्या चासीवर बसून येतोय, वर छप्पर नाही पुढे काच नाही. त्याच्यावर आमच्याकडे बॉडी चढायची. आधी लाकडाचं काम होतं, सुतार लागायचे, मग ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेट आले, आता माईल्ड स्टील. पत्रा खडखडतो म्हणून लोक नावं ठेवतात, पण ॲल्युमिनियमला गंज नाही, ठोकून सरळ करता येतो आणि गाडी हलकी राहते. गाडी एवढी वर्षं चालायची ती उगाच नाही. जुने टायर टाकून न देता रिमोल्ड करून वापरणं, इंजिन उघडून नवं करणं, सगळं घरचं.

आणि आरामगाडी म्हणजे काहीतरी कालपरवाचं असं समजू नका. १९५० नंतर लगेचच पुणे-महाबळेश्वर मार्गावर दोन खास गाड्या होत्या, नीलकमल आणि गिरिआरोहिणी, मॉरिस कमर्शियलच्या चासीवर. टू बाय टू सीट, खिडकीला पडदे, हिरवट काचा, आत घड्याळ. तेव्हा! नाव पण काय, घाट चढणारी म्हणून गिरिआरोहिणी. आता गाड्यांची नावं ठेवणाऱ्यांनी जरा शिकावं.

मग १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यासाठी गेलेल्या हिरव्या-पांढऱ्या गाड्या परत आल्यावर दादर-पुणे मार्गावर टाकल्या आणि तेव्हापासून आपल्याकडे निमआराम गाडी म्हणजे एशियाड. पुढे महामंडळाने तिचं नाव हिरकणी केलं तरी स्वारगेटला अजून लोक "एशियाड कितीला आहे" असंच विचारतात. जिने एकदा पण दिल्ली पाहिली नाही अशी गाडी पण एशियाडच.

आणि भोसरीला सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) आहे ती १९६७ ची, देशभरातल्या एसट्यांचं ट्रेनिंग आणि टेस्टिंग तिथे होतं. त्यामुळे गाडी कुठून का सुटेना, पुण्याचा हक्क आहेच.

शनिवार_वाडेकर

इतिहास वगैरे ठीक आहे, पण एवढं सगळं घरचं होतं, मक्तेदारी होती, तरी तोट्यात कशी गेली ते पण सांगा कोणीतरी. एक मालक एका गाडीवर घर चालवत होता आणि हे हजारो गाड्या घेऊन रडतात. मी तर सरळ प्रायव्हेट स्लीपरने जातो, मोबाईलवर सीट बुक, चार्जिंग पॉईंट, विषय संपला.

डबलबेल_निवृत्त

वाडेकर, राग नाही तुमचा. मी वाहक म्हणून निवृत्त झालो, तिकिटाची पत्र्याची पेटी आणि पंच पासून मशीनपर्यंत सगळं पाहिलंय, तर थोडं सांगतो.

पहिलं मक्तेदारीचं. कागदावर मक्तेदारी कशाची आहे तर टप्पा वाहतुकीची. म्हणजे रस्त्यात माणूस चढवायचा उतरवायचा, सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्याप्रमाणे तिकीट, हे फक्त एसटीने करायचं. तुमच्या स्लीपरचं परमिट कंत्राटी वाहतुकीचं असतं, तिने खरंतर एका ठिकाणाहून ठरलेला गट घ्यायचा आणि दुसरीकडे सोडायचा, मध्ये एकेक माणूस भरत जायचं नाही. ती कुठून कुठून माणसं भरते ते रात्री चांदणी चौकात उभं राहून बघा. आणि खालच्या बाजूला वडाप. फाट्यावर जीप उभी असते, दहा माणसं कोंबली की सुटते, कोंबली नाही तर सुटत नाही. आमची गाडी साडेदहाची म्हणजे साडेदहाला सुटणार, दोन माणसं असली तरी. वडापवाला गाडीच्या पाच मिनिटं पुढे निघून थांब्यावरची सगळी माणसं उचलतो आणि मग लोक म्हणतात एसटी रिकामी पळते.

दुसरं, गाव तिथे एसटी ही घोषणा भिंतीवर रंगवायला सोपी आहे. संध्याकाळी शेवटची गाडी गावात जाते, ड्रायव्हर कंडक्टर तिथेच मुक्कामाला, देवळात नाहीतर गाडीतच पथारी, आणि पहाटे तीच गाडी शाळेची पोरं, बाजारच्या बायका, दवाखान्याला निघालेली माणसं घेऊन तालुक्याला येते. या मुक्कामी गाडीचं डिझेल पण सुटत नाही. ते सुटायचं पुणे-मुंबईसारख्या मार्गावर, तिथे चार पैसे मिळाले की ते आडगावात घालायचे, असा सगळा डोलारा होता. १९८८ चा नवा मोटार कायदा आला, टुरिस्ट परमिट ढिली झाली आणि खासगीवाले नेमके पैसे असलेल्या मार्गावर आले. आडगावाला कोणी स्लीपर काढल्याचं ऐकलंय का तुम्ही?

तिसरं, तिकिटावरचा प्रवासी कर, साडेसतरा टक्के. तुम्ही शंभराचं तिकीट काढलं तर ते सगळे आमचे नसतात. सवलतींचं तर विचारू नका, विद्यार्थी पास, शाळेच्या मुलींना मोफत पास, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सवलत वाईट असं मी म्हणत नाही, उलट अर्ध्या तिकिटामुळे गाड्या परत भरायला लागल्या, ज्या बायका वडापला लोंबकळायच्या त्या गाडीत बसल्या. पण त्याचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात आणि ते आले की पगार, असं चक्र आहे.

विलीनीकरणाचा, म्हणजे एसटीच्या लोकांना सरकारी नोकरीत घ्या म्हणून झालेला, संप त्यातूनच झाला, २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीला पेटला तो एप्रिल २०२२ ला कोर्टाने सांगितल्यावर थंड झाला. आंध्रने जानेवारी २०२० ला त्यांच्या एसटीच्या लोकांना सरकारी नोकरीत घेतलं होतं, मग आमची पोरं म्हणाली आम्हाला का नाही. त्या संपात खेड्यातल्या पोरांच्या शाळेचे हाल झाले, माणसं वडापला लागली आणि त्यातली कित्येक परत आलीच नाहीत. संपाच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही बाजूंनी बोलणारे आमच्या घरातच आहेत, त्यामुळे मी गप्प बसतो.

एसी शिवशाही गाडीबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो. २०१७ ला आली, त्यातल्या बऱ्याच गाड्या भाड्याच्या, गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर आमचा. गाडी बंद पडली की प्रवासी कंडक्टरला धरणार. दापोडीवाल्याने वर लिहिलं ना सगळं घरचं, ते तिथे संपलं.

शनिवार_वाडेकर

काका, प्रवासी कराचं माहीत नव्हतं. स्लीपरला पण तेवढाच लागतो का?

डबलबेल_निवृत्त

त्यांचं वेगळं गणित, गाडीमागे ठरावीक कर भरायचा, माणसं किती बसली त्याच्याशी संबंध नाही. गाडी जितकी कोंबाल तितका कर हलका. आमचा तिकिटागणिक.

माळीवाडा_एक्स्प्रेस

एक राहिलंच, इलेक्ट्रिक शिवाई पण पहिल्यांदा पुणे-नगर मार्गावरच धावली, १ जून २०२२ ला. तेव्हा संप मिटून दोनेक महिने पण झाले नव्हते. मी मुद्दाम बसलो होतो त्यात नंतर, आवाज अजिबात नाही, एसी बरा. शिरूरपर्यंत शेजारचे आजोबा "गाडी बंद पडली का काय" म्हणून दोनदा उठून बघून आले.

लातूरची_लेक

कोणी सांगेल का, शिवाजीनगर स्टँड परत मूळ जागी येणार आहे का नाही? मला लातूरची गाडी पकडायला दर वेळी कुठे जायचं ते आधी शोधावं लागतं.

जुनी_फाईल

मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीला स्टँड वाकडेवाडीला दूध डेअरीच्या जागेत नेला, तात्पुरता म्हणून. खालचं मेट्रो स्टेशन ऑगस्ट २०२३ ला सुरू पण झालं. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय हे माझ्या वयाच्या माणसाला विचारू नका. तुम्ही स्वारगेटहून सोलापूर रस्त्याने जाणारी गाडी बघा, बसायला जागा मिळते.

लातूरची_लेक

काका त्या गाडीने बार्शी येईपर्यंत पाठ जाते हो. बघते.